ब्लँकमधला सुळका

ब्लँकमध्ये काही यायचं नसतं. त्याचं कामच ते. खेळाडूंच्या बाटल्यांबरोबर दर खेपेला एक बाटली अशी चालवायची, की जिच्यात काही नाही हे आम्हाला आधीच माहीत आहे. मशीनने तिची रेघ सपाट काढली, की मग बाकीच्या बाटल्यांबद्दल ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. त्या सकाळी मी कोट चढवला, खुर्ची पुढे ओढली, ब्लँकची रेघ पडद्यावर उघडली, आणि बरोबर मधोमध एक सुळका उभा. एवढासा. नवख्या माणसाच्या नजरेतून सहज सुटला असता. पण मागच्या खेपेलाही तो तिथंच होता, आणि तेव्हा मी मशीनचा चावटपणा म्हणून त्याला सोडून दिलं होतं, सगळं पहिल्यापासून पुन्हा करायला लावलं होतं. आता पुन्हा तोच. मला राग आला. आत्ताच पुसलेल्या फरशीवर कुणीतरी चिखलाचे पाय उमटवून गेलं की येतो तसा. भीती नाही वाटली. भीती वाटावी असं त्यात काही असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

सुळका कशाचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. नँड्रोलोन नावाचं स्टेरॉइड आहे. दंड भरावेत, ओझं उचलता यावं, दुखापत लवकर बरी व्हावी म्हणून खेळाडू ते टोचून घेतात. शरीर ते वापरतं, मोडतं, आणि उरलेला चुरा लघवीतून बाहेर टाकतं. आम्ही तो चुरा शोधतो. लघवी मोजून घ्यायची, तिच्यात एन्झाइम घालून उबेला ठेवायची, ईथरने आतलं हवं तेवढं ओढून घ्यायचं, ईथर उडवून द्यायचं, आणि नळीच्या तळाशी जो डोळ्यांना दिसतही नाही असा लेप उरतो तो मशीनला द्यायचा. मशीन त्याला केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून पळवतं. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला पलीकडे पोचतो, तिथं त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचं वजन होतं, आणि पडद्यावर सुळका येतो. किती वेळाने आला आणि फुटल्यावर तुकडे कसे पडले, एवढ्यावर चोर ओळखायचा. माझी जाऊ लग्नाकार्यात चारचौघांत माझी ओळख करून देते, "ही लघवीत काम करते." लोक हसतात, मीही हसते. मग कुणीतरी हमखास विचारतं, अमक्या खेळाडूचं काय निघालं हो? मी सांगते, मला नावं कळत नाहीत. कुणाला पटत नाही. पण खरंच बाटलीवर नुसता आकडा असतो. बाई की पुरुष ते कळतं, खेळ कळतो, बस. समोर चेहरा नसला की कठोर होणं सोपं जातं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

ब्लँकची लघवी कुणाची ते मात्र माहीत असतं, कारण ती आमचीच. ज्यांच्या पोटात औषध नाही, पावडर नाही, ताकदीची गोळी नाही, अशा आमच्यापैकी दोघातिघांनी ती द्यायची, छोट्या बाटल्यांत भरून गोठवायची, आणि लागेल तशी काढायची. या वेळची माझी होती. माझी म्हणजे सगळ्यांत भरवशाची. डोकं फुटायची वेळ आली तरी मी गोळी घेत नाही. मशीन सांभाळणारा गडी, त्याला आम्ही मिस्त्री म्हणतो, तो तर म्हणायचा, "ताई, तुमच्या लघवीला सोन्याचा भाव आहे, जपून वापरा." तो नंतर आलेला. त्याला काय ठाऊक, मधली काही वर्षं मी ती देऊच शकत नव्हते. त्या वर्षांत माझ्या दंडात, मांडीत, पोटात सुया जात होत्या. दुसऱ्यांच्या बाटल्यांत जे मी पकडत होते त्याचेच भाऊबंद माझ्या अंगात ओतले जात होते, मूल राहावं म्हणून. दोनदा राहिलं. दोनदा गेलं. मग आम्ही ठरवलं, पुरे. ठरवलं म्हणजे नवरा म्हणाला, "तुझे हाल बघवत नाहीत आता," आणि मी भांडले नाही. सुया थांबल्या, अंगातलं सगळं निघून गेलं, आणि एके दिवशी मी सरांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "सर, ब्लँकला आता माझी चालेल." सर आमचे प्रमुख. ते बराच वेळ समोरचा पेपर सारखा करत बसले आणि म्हणाले, "बरं." त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. त्यानंतर या इमारतीत त्या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मायेपोटीच काढलं नाही. मीही ती माया मुकाट घेतली.

सुळका दोनदा आला म्हटल्यावर सरांनी आम्हाला आत बोलावून दार लावलं. सर, मिस्त्री, मी आणि धाकटी. धाकटी म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी; नाव आहे तिला, पण आल्यापासून ती धाकटीच. दोन्ही वेळा नळ्या तिनंच भरल्या होत्या. मिस्त्रीनं मशीनला नुसतंच ईथर देऊन बघितलं होतं, रेघ सपाट आली होती, म्हणजे मशीन निर्दोष. सरांनी मला विचारलं, "काही घेतलंत का? गोळी, पावडर, एखादं मलम?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान डोलावली आणि तो प्रश्न तिथंच मिटला. मग उरले हात. सर धाकटीकडे वळले. "घरी कुणी वापरतं का असलं काही?" धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. तिच्या भावाची व्यायामशाळा आहे. रविवारी ती तिथं बसते, पावडरचे डबे देते, पोरांची नावं लिहून घेते. भाऊ आतल्या खोलीत पोरांना काय टोचतो ते तिला माहीत नाही. म्हणजे टोचतो एवढं माहीत आहे. बोलता बोलता हे तिच्या तोंडून निसटलं आणि ती रडायला लागली. तिथल्या कशाला तरी हात लागला असेल आणि तो हात इथं नळीला, असं सरांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं. सर कधी आवाज चढवत नाहीत. एवढंच म्हणाले, "दुपारी मी वर बोलतो. तोवर कशाला हात लावू नकोस." दुपारनंतर धाकटी इथं नसणार हे आम्हाला चौघांनाही कळलं. आणि एकदा या कारणावरून इथून निघालेल्या पोरीला दुसरी कुठली प्रयोगशाळा दारात उभी करत नाही.

मी माझ्या टेबलाशी परत आले. हाताला चाळा हवा म्हणून जुन्या रेघा काढून ब्लँकच्या शेजारी लावत बसले. असाच लहान सुळका मागे एका बाटलीत आला होता. लांब पल्ल्याची धावपटू, बाई. तेव्हा मी काय केलं होतं? जे करायचं असतं तेच. बाईच्या लघवीत हा चुरा थोडासा सापडला, की तिला चोर म्हणायच्या आधी गरोदरपणाची पट्टी बुडवायची. कारण गरोदर बाईचं शरीर हा चुरा आपला आपणच तयार करतं, तिनं काही टोचून घेतलेलं नसलं तरी. इथं नोकरीला लागलेल्याला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. त्या धावपटूची पट्टी धाकटीनंच बुडवली होती, दोन रेघा उमटल्या होत्या, आणि मी म्हटलं होतं, "सुटली बिचारी." ते आठवलं आणि माझा हात माउसवरच राहिला. आम्ही चौघं दार लावून बसलो होतो. चौघांना हा नियम तोंडपाठ. बाटली एका बाईची आहे हेही चौघांना ठाऊक. आणि चौघांपैकी एकाच्याही डोक्यात ही गोष्ट आली नाही. परक्या बाईच्या बाबतीत जी शंका आम्ही सगळ्यात आधी घेतली असती ती माझ्या बाबतीत कुणी सगळ्यात शेवटीसुद्धा घेतली नाही. सरांनी मलमापर्यंत विचारलं. त्याच्या पुढं गेले नाहीत. मीही गेले नाही. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यावर चिडावं तर माझंच तोंड मला दिसत होतं.

मग अंग बोलायला लागलं. म्हणजे ते आधीपासून बोलत असणार, मी कान दिला नव्हता. पाळी चुकली होती, पुन्हा चुकली होती, आणि मी ते वयावर ढकललं होतं. माझ्या थोरल्या बहिणीची याच वयात थांबली. ईथरच्या वासानं मध्यंतरी पोटात ढवळायचं, इतकी वर्षं ज्या वासात मी डबा खाल्ला त्या वासानं. मी मिस्त्रीला म्हटलं, हवा खेचणारा पंखा नीट कर, आणि त्या बिचाऱ्यानं सगळा उघडून साफ केला. संध्याकाळी घरी गेले की कोट न काढता आडवी व्हायचे. नवरा चष्म्याच्या दुकानात आहे, दिवसभर लोकांचे डोळे तपासतो. तो म्हणाला, नंबर वाढलाय तुझा, त्यानं थकवा येतो, ये एकदा दुकानात. मी गेले, त्यानं नवीन काच बसवून दिली. मला आता त्या काचेतून पडद्यावरचा सुळका अगदी लख्ख दिसत होता.

पण आनंद झाला का? नाही. मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला. त्या आता नाहीत. दुसऱ्या वेळी राहिलं तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. मीच उतावीळ, जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. मग ते गेलं. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि बाहेर सासूबाई फोन घेऊन बसल्या होत्या. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना एकेकाला त्या परत सांगत होत्या. "नाही हो, राहिलं नाही." थोडं थांबायच्या, पलीकडचं ऐकायच्या. "हो, बरी आहे ती. नाही, आत्ता भेटायला नका येऊ." पुन्हा नंबर फिरवायच्या. "नाही गं, राहिलं नाही." दुपार उलटून गेली तरी चाललंच होतं. मला ते करावं लागू नये म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी उशी कानावर दाबून मी त्यांचा राग राग करत होते. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, पुन्हा वेळ आलीच तर कुणाला म्हणून कुणाला सांगायचं नाही. नवऱ्यालाही नाही. पोट दिसायला लागेपर्यंत नाही. जे सांगितलंच नाही ते परत घ्यावं लागत नाही.

आणि आता धाकटी. ती काचेच्या नळ्या धुवायच्या खोलीत उभी होती. नळ चालू, साबणाचा फेस कोपरापर्यंत. हात लालबुंद झाले होते. मला बघून म्हणाली, "ताई, खरंच असेल का हो माझ्या हातावर? मी हातमोजे घातले होते. दोन्ही वेळा घातले होते."

"घातले होतेस. मी बघितलंय."

"मग कुठून आलं?"

मी नळ बंद केला. तिच्या हातात टॉवेल दिला. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं, ओठावर आलंही होतं, आणि मी म्हटलं, "जेवून घे आधी." स्वतःची लाज वाटली. मनात कसकसले हिशेब सुरू होते. आज जाईल, पण पुढच्या महिन्यात मीच सरांना सगळं सांगेन, तिला परत बोलावतील. पुढच्या महिन्यात, म्हणजे ज्या आठवड्यांत मागची दोन्ही गेली ते उलटून गेल्यावर. तोवर तिनं काय करायचं? तोवर भावाच्या व्यायामशाळेत बसेल. तशीही बसतेच. असले विचार मी केले. दुसऱ्या कुणी केले असते तर मी त्या बाईच्या तोंडावर बोलले असते, माझ्या जिभेला काही आवर नाही. टॉवेलनं हात पुसत धाकटी म्हणाली, "आईला काय सांगू? तिनं सगळ्यांना सांगितलंय मी इथं आहे म्हणून." एवढंच बोलली ती. माझे पाय आपोआप सरांच्या खोलीकडे वळले. चांगुलपणानं वळले असं मी म्हणणार नाही. ती आई कुठल्या तरी खोलीत फोन घेऊन बसलेली मला दिसली, आणि ते सहन होईना.

सर जेवणाचा डबा उघडून बसले होते. मी दार लोटलं.

"सर, ती ब्लँकची बाटली माझी होती."

"माहीत आहे," सर म्हणाले. "तुमच्यावर कुणाचा संशय नाही."

"तेच म्हणतेय. संशय घ्या." माझा आवाज फाटला. "सर, मी बाई आहे."

सरांच्या हातातला घास डब्याच्या काठावर तसाच राहिला. ते माझ्याकडे बघत होते, मग खाली, मग पुन्हा माझ्याकडे.  त्यांनी डबा झाकला, उठून उभे राहिले, आणि उभं का राहिलो ते न कळल्यासारखे पुन्हा बसले. "माझ्या लक्षात यायला हवं होतं," म्हणाले. मी म्हटलं, "माझ्याच आलं नाही."  त्यांनी धाकटीला हाक मारली.

बाटलीच्या तळाशी अगदी थोडं उरलं होतं. नळी भरायला पुरेसं नव्हतं, पट्टीला पुरे होतं. धाकटीनं नवे हातमोजे घातले, ड्रॉपरने थेंब सोडले आणि एक पाऊल मागं सरकून उभी राहिली. मिस्त्री दारात.  एक रेघ आली. तिच्या शेजारी दुसरी यायला लागली, फिकट, मग गडद. धाकटीनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं. सर घसा खाकरून म्हणाले, "खेप ग्राह्य. कारण समजलं." मग धाकटीकडे वळून, "रविवारचं भावाकडे बसणं बंद. आजपासून." ती हो हो म्हणत रडत होती आणि हसत होती. मिस्त्री म्हणाला, "ताई, म्हणून तो पंखा खराब होता होय," आणि स्वतःच ओशाळून आत निघून गेला.

त्यांचं काम तिथं संपलं. माझं नाही. कारण ती बाटली मी भरून दिली त्याला आता बरेच दिवस झाले होते. बाटलीतली लघवी त्या दिवसाचं सांगते, आजचं सांगत नाही. खेळाडूंच्या वकिलांना हे मी कितीदा समजावलंय. त्या दिवशी माझ्या पोटात ते होतं. आज आहे का? आणि मला आठवलं, की गेल्या आठवड्यापासून ईथरच्या वासानं काही होत नाहीये. मी समजत होते पंखा सुधारला.  मागच्या वेळीही ढवळणं असंच गुपचूप थांबलं होतं, आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं.

धाकटीनं एक नवी पट्टी आणि रिकामी बाटली माझ्या कोटाच्या खिशात सरकवली.  शहाणी आहे पोरगी. मी खिशावर हात ठेवून बाथरूमच्या दारापर्यंत गेले. आत जायचं, दार लावायचं, पट्टी बुडवायची, बघायचं, आणि एकच रेघ आली तर कोट नीट करून बाहेर येऊन कामाला लागायचं. नवऱ्याला कशाचा पत्ता लागला नसता. मूठ झाकलेली राहिली असती. मी कडीला हात घातला आणि माझ्या लक्षात आलं, की असं मी आणखी एकदा एकटीनं सोसू शकणार नाही. इतकं साधं होतं ते. मी वळले, जिन्यात जाऊन बसले आणि दुकानात फोन लावला.

पलीकडे तो कुणाला तरी म्हणत होता, "आता बघा, हे बरं की आधीचं?" मग माझ्याशी, "बोल."

"समोर कोण आहे?"

"गिऱ्हाईक. का गं? बोल ना."

मी सांगितलं. सुळका, धाकटी, सर, पट्टी, सगळं उलटसुलट. "त्या दिवशी होतं," मी म्हटलं. "आज आहे की नाही मला माहीत नाही. नसेलही. ढवळायचं थांबलंय माझं."

 फोनमध्ये दुकानाच्या दाराची घंटी वाजली, कुणीतरी आत आलं, कुणीतरी खुर्ची सरकवली. मग त्याचा आवाज, पण माझ्यासाठी नव्हे: "काका, जरा डोळे मिटून बसता का? आलोच मी." पावलं. एक दार. मग अगदी जवळून, "सरांना आधी सांगितलंस."

"हो. पोरीची नोकरी जात होती."

"बरं केलंस." तो थांबला.  "आता काय करायचं असतं?"

"ताजी लघवी घ्यायची. पट्टी बुडवायची. लगेच कळतं."

"केलीस?"

"नाही."

"करू नकोस. मी निघालो. मी येईपर्यंत जाऊ नकोस तू."

"अरे, सकाळपासून किती चहा झालेत माझे, काही कल्पना आहे का तुला?"

"धरून ठेव," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मी जिन्यातच बसून राहिले, भिंतीला टेकून, गुडघे एकमेकांना घट्ट लावून. वरून खालून लोक जात होते. मी पाय आवरून त्यांना वाट देत होते. कुणी विचारलं, बरं वाटत नाही का, तर म्हणत होते, माणूस यायचंय माझं. ओटीपोटात भार वाढत चालला होता. तो कशाचा आहे हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि तरीही मी त्याच्यावर दोन्ही हात ठेवून बसले.